कु. नीरजा हिला बाहेरचं लागल्याबाबत

लहान मुलांनी काय खावं, हे मोठ्या माणसांना उपजतच कळतं. मोठ्या माणसांनी काय खावं, हा विषय मात्र अजून अभ्यासाधीन आहे; आणि तो अभ्यास पुरा होईपर्यंत मोठ्यांनी समोर येईल ते खावं, असा सर्वमान्य संकेत आहे. आपल्याकडची झाडून सगळी पोषण अभियानं याच दोन तत्त्वांवर चालतात आणि म्हणूनच ती कधी संपत नाहीत.

वैदेही मॅडमचा यातल्या पहिल्या तत्त्वावर पूर्ण विश्वास होता. दुसऱ्याचा त्यांनी विचार केला नव्हता, कारण विचार करायला त्यांना सवड नव्हती. तुळजापूरपासून अकरा किलोमीटरवरच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या चौथीच्या वर्गाला शिकवत. (गावाचं नाव इथं देता येत नाही. चौकशी प्रलंबित आहे.) शिकवण्याखेरीज त्या शाळेच्या वृक्ष नोडल, स्वच्छता नोडल, आधार नोडल आणि हात धुणे नोडल शिक्षिका होत्या. पोषण नोडल त्या अशा झाल्या की, मुख्याध्यापक जैनोद्दीन सरांनी ‘हे कोण घेतंय?’ असं विचारलं तेव्हा मॅडम फळा पुसत होत्या. पाठमोऱ्या माणसाचा होकार धरायचा, अशी त्या शाळेची पद्धत होती.

अभियानाचं नाव होतं ‘सकस बालक, सबल गाव’. दुपारी शाळेत खिचडी शिजते, त्यामुळं दुपारच्या पोटाची जबाबदारी शासनानं आधीच घेतलेली होती. प्रश्न होता छोट्या सुट्टीचा. त्या दहा मिनिटांत पोरं दप्तरातून काय काढतात, ते पंधरा दिवस बघायचं, नोंदवायचं आणि ज्यांच्या सवयी बिघडल्या असतील त्यांच्या पालकांना लेखी कळवायचं. काम सोपं होतं. नमुना सात-ब, रकाने एकोणीस.

मॅडमचं स्वतःचं दुखणं मात्र रकान्यात मावणारं नव्हतं, आणि ते पहिल्या बाकावरच बसायचं. त्यांची मुलगी नीरजा त्याच वर्गात होती. झेडपीच्या शिक्षकाची लेकरं झेडपीतच शिकली पाहिजेत, असं मॅडमचं मत होतं आणि त्यांनी ते आचरणातही आणलं होतं. त्यामुळं बाकीचे शिक्षक त्यांचा आदर करत आणि जरा लांब बसत. नीरजा नऊ वर्षांची, चुणचुणीत, तीसपर्यंत पाढे तोंडपाठ. वजन एकोणीस किलो चारशे ग्रॅम. तिनं उत्तर द्यायला हात वर केला की मनगटातलं कडं सरसर कोपरापाशी यायचं, आणि वर्गात इतक्या वेळा उत्तर देणारं दुसरं कुणी नसल्यामुळं मॅडमना ते दिवसातून वीस वेळा बघावं लागायचं.

नीरजा खायची ते पिवळ्या पाकिटातलं, लाल पाकिटातलं आणि हिरव्या पाकिटातलं. (आहारात सर्व रंगांचा समावेश असावा, असं परिपत्रकातही होतं.) पोळी-भाजीचा डबा जसा जायचा तसाच घरी यायचा. मॅडमनी सगळे उपाय करून बघितले होते. पोळीच्या चांदण्या कापल्या. गाजराची फुलं केली. रागावून झालं, गोष्टी सांगून झाल्या. ‘भाजी खाल्लीस तर पाकीट देईन’ हा उपाय सगळ्यात गुणकारी ठरला. त्यात पाकीट शंभर टक्के संपायचं. रोज संध्याकाळी त्या भरलेला डबा उघडून बघायच्या आणि पुन्हा बंद करायच्या. एकसष्ट पोरांची वजनं घेणाऱ्या बाईला स्वतःच्या पोरीला काट्यावर उभं करायची भीती वाटायची, आणि हे त्या कुणाला सांगू शकत नव्हत्या, कारण त्या पोषण नोडल होत्या.

तर रकाना क्रमांक चौदा. त्याचा मथळा होता, ‘पाल्यास बाहेरचे खाद्यपदार्थ खाण्याची सवय लागली आहे किंवा कसे’. माहिती मोबाईलवरच्या अ‍ॅपमध्ये भरायची होती आणि अ‍ॅपच्या चौकटीत काना-मात्रा धरून चौदाच खुणा मावत होत्या. मॅडमनी पूर्ण वाक्य लिहून बघितलं. ते ‘बाहेरचे खाद्यप’ इथं येऊन थांबलं. खाद्यप म्हणजे काय, असं पालकांनी विचारलं असतं तर उत्तर नव्हतं. मॅडम मोबाईल घेऊन मुख्याध्यापकांकडं गेल्या.

जैनोद्दीन सर अठ्ठावीस वर्षं रकाने भरत आले होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“‘बाहेरचे लागले’ लिवा की मॅडम. बराबर बसतंय. समजायचं ते समजतेत लोक.”

ते बसलं. एकसष्टपैकी त्रेचाळीस मुलांच्या नावापुढं बसलं. अ‍ॅपनं आपणहून पत्रं तयार केली, शाळेच्या प्रिंटरनं ती छापली, सरांनी सही करून गोल शिक्का मारला आणि शुक्रवारी ती दप्तरांतून घरोघर गेली. मजकूर असा होता: ‘कळविण्यात येते की, आपल्या पाल्यास बाहेरचे लागले आहे. तरी तात्काळ योग्य ते उपाय करून तसा अहवाल आठ दिवसांत शाळेस सादर करावा.’ खाली सरांच्या सहीशेजारी ‘तपासणारी: वैदेही’ अशी मॅडमची सही. मॅडमनी नीरजाच्या नावाचंही पत्र काढलं. आपलं म्हणून सोडून देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

आता, बाहेरचं या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. एक हॉटेलात मिळतो आणि दुसरा पिंपळाखाली. पहिल्यानं पोट बिघडतं, दुसऱ्यानं माणूस. अर्थ ओळखायची खूण एवढीच की पहिलं खातात आणि दुसरं लागतं. शासनानं स्पष्ट शब्दांत कळवलं होतं की लागलं आहे.

गावानं हे पत्र अत्यंत गांभीर्यानं घेतलं. यापूर्वी शाळेतून आलेली ‘प्लास्टिक टाळा’, ‘मुलींना शिकवा’, ‘शेंगदाणे खा’ ही पत्रं गावानं चुलीपलीकडं नेली नव्हती; हे पहिलं पत्र लोकांनी देव्हाऱ्यात ठेवलं. निवृत्त तलाठी विष्णुपंत यांनी ते पारावर मोठ्यानं वाचलं, मग शिक्का उन्हात धरून तपासला.

“चाळीस वर्षं आपल्याला अडाणी म्हनले,” विष्णुपंत म्हणाले. “अंधश्रद्धा म्हनले. आता बघा, शिक्का मारून देयलेत. सरकारला कळाय वेळ लागतो, पर कळतंय.”

पुढच्या आठ दिवसांत गावातला लिंबांचा खप सहापट झाला. (क जीवनसत्त्वाच्या दृष्टीनं ही बाब स्वागतार्ह होती; फक्त ती लिंबं पोटात न जाता उतारा म्हणून तीन रस्त्यांच्या तिकटीवर पडली.) मिरच्या संपल्या. बिब्बे संपले. जैनोद्दीन सरांचा नातू मुजम्मिल तिसरीत होता. त्याचंही पत्र निघालं होतं आणि त्यावर खुद्द आजोबांची सही होती. सरांच्या आई कुलसुमबी यांनी ते कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि नातवाच्या पोराला दर्ग्यावर नेऊन गळ्यात तावीज बांधून आणला. सरांनी समजवायचा प्रयत्न केला, तेव्हा कुलसुमबी म्हणाल्या, “सही तेरीच है ना? फिर चुप बैठ.” या बाबतीत गावात कोणताही भेदभाव झाला नाही, हे नमूद करायला हवं. आठव्या दिवशी त्रेचाळीसपैकी एकेचाळीस घरांचे कार्यवाही अहवाल शाळेत जमा झाले. असा प्रतिसाद शाळेला पोलिओच्या वेळीही मिळाला नव्हता.

मॅडमच्या घरी पत्र उघडलं ते सासूबाईंनी. चंद्रप्रभाबाई म्हणजे तुळजापुरातल्या जुन्या पुजारी घराण्यातल्या. देवीच्या दारात जन्मल्या आणि देवीच्या दारातच नांदल्या. त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

“वैदेही, ही तुझीच सही ना ग?”

“हो आत्या. पण बाहेरचं म्हणजे त्याचा अर्थ—”

“बाहेरचं म्हणजे काय ते तू मला सांगू नको. मी तुळजापुरात वाढलेय.” त्यांनी पत्राची घडी घातली. “आणि इतके दिवस मला सांगितलं नाहीस? लेकरू वाळून चाललंय, अन् तू गाजराची फुलं करायलीस!”

मॅडमनी नवऱ्याकडं पाहिलं. शिवानंद पतसंस्थेत क्लार्क होते आणि कागदावर त्यांची श्रद्धा होती. “जावक क्रमांक आहे,” ते पत्र उलटसुलट बघत म्हणाले. “म्हणजे काहीतरी असणारच.”

मॅडम विज्ञानाच्या पदवीधर होत्या. त्यांना वाद घालता आला असता. पण ओट्यावर त्या दिवशीचाही डबा भरलेला होता, दोडक्याची भाजी काळी पडली होती. गाजराची फुलं करून झाल्यावर आणि परिपत्रकं वाचून झाल्यावर माणूस पुरावा फार मागत नाही. त्या म्हणाल्या, “कधी निघायचं?”

त्याच्या पुढच्या रविवारी बार्शी-परंड्यावरून सगळे, बाहेरच्या बाधेसाठी लोक जातात त्या सोनारीला गेले. काळभैरवाचं दर्शन झालं. बाहेर पायऱ्यांवर नीरजानं पिवळं पाकीट काढलं, तेवढ्यात एका माकडानं ते हातातून ओढून नेलं. त्यानं ते वरच्या कोपऱ्यातल्या खाचेत दात लावून बिनचूक फोडलं. (याकामी त्याला कोणतंही प्रशिक्षण देण्यात आलेलं नव्हतं.) शेजारी कुणीतरी ठेवलेल्या भाकरीकडं त्यानं ढुंकून पाहिलं नाही. चंद्रप्रभाबाईंनी हात जोडले. मॅडमना कुठं बघावं ते कळेना.

देवळापासून जरा लांब शांताक्काचं नारळ-फुलांचं दुकान होतं. बाई सत्तरीच्या, कर्नाटकातून लग्न होऊन आलेल्या. लांबलांबच्या गावांतून लोक लेकरं घेऊन यायचे ते त्यांना दाखवायला. त्या आठवड्यात त्यांच्याकडं शाळेची पत्रं घेऊन आलेलं हे सव्विसावं लेकरू होतं, त्यामुळं त्यांनी पत्र बघितलंच नाही. नीरजाला समोर पोत्यावर बसवलं आणि तिचं मनगट दोन बोटांत धरलं.

“काय खातीस ग बाळ?”

“पाकीट,” नीरजा म्हणाली.

“आई काय खाती?”

मॅडम सांगणार होत्या. शांताक्कांनी दुसरा हात वर करून त्यांना थांबवलं.

“आई सकाळी उभ्यानं चहा-खारी खाती,” नीरजा म्हणाली. “खारीचं पाकीट गाडीच्या डिकीत पण असतंय. पप्पांचं फरसाण लोखंडी कपाटात असतंय, पतसंस्थेच्या फायलींच्या मागं. आज्जीला सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार उपास असतो. मग ती वेफर्स खाती. उपासाचे.”

“आन् तुजं ताट कोन वाढतंय?”

“आई. ती डबा भरती, माझं ताट वाढती अन् वह्या तपासती. पप्पा मोबाईल बघतेत. आज्जी मालिका बघती. मी एकटी जेवती.”

पोरीच्या आवाजात तक्रार नव्हती. पाढा म्हणावा तसं तिनं म्हटलं. मॅडमना भर उन्हात कानशिलं गरम झाल्यासारखं वाटलं. शरम वाटली, दुसरं काही नाही.

शांताक्कांनी मनगट सोडलं. “बाहेरचं हाय,” त्या म्हणाल्या. चंद्रप्रभाबाईंनी पदर डोळ्याला लावला. “पर लेकराला न्हाय. लेकरू तर घरातलंच खातंय की. तुमच्या घराला लागलंय.”

उपाय त्यांनी असा सांगितला: पाच रविवार. जे फोडताना टर्रकन वाजतं ते उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. जेवताना सगळ्यांनी एका पंगतीला बसायचं, लेकराच्या ताटात जे तेच आपल्या ताटात घ्यायचं. घरातल्या कुणी मोडलं तर त्या घडीला मोजणी बंद. पुन्हा पहिल्या रविवारपासून. आणि राखण करायची ती लेकरानं.

“आणि मोडलं तर काय होतं?” शिवानंदांनी विचारलं. कार्यालयीन सवयीनं त्यांना दंडाची तरतूद जाणून घ्यायची होती.

“काय व्हतंय ते तुमच्या म्होरं बसलंय की,” शांताक्का म्हणाल्या.

घरी आल्यावर नीरजानं एक वही केली आणि मुखपृष्ठावर ‘नोडल: नीरजा’ असं लिहिलं. लोखंडी कपाट, गाडीची डिकी आणि देव्हाऱ्याखालचा डबा तपासून तिनं सव्वाचार किलो माल बाहेर काढला. हे वजन तिनं आईनं घरी आणून ठेवलेल्या शाळेच्या काट्यावर केलं. माल पोरांसारखा हलत नसल्यामुळं त्या काट्यावर वजन पहिल्यांदाच इतकं निश्चित आलं.

पहिल्याच संध्याकाळी सगळे खाली बसले. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगाची चटणी, कांदा. बऱ्याच दिवसांत एकमेकांसमोर न बसल्यामुळं सुरुवातीला काय बोलावं ते कुणाला सुचेना. नीरजा जेवली नाही. ती बघत होती. पप्पांनी अंबाडीचा घास गिळताना केलेलं तोंड बघून ती हसली. दुसऱ्या दिवशी आज्जीला भाकरी चावेना, तेव्हा तिनं दुधात कुस्करून दिली आणि चव बघायला म्हणून दोन घास स्वतः खाल्ले. चौथ्या दिवशी तिनं चटणी मागून घेतली. आठव्या दिवशी शाळेतून आलेला डबा हलका लागला. मॅडमनी तो उघडला, रिकामा होता, एका कोपऱ्यात फक्त मोहरीचे दाणे होते. त्या तशाच डबा हातात धरून ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि रडल्या. मग त्यांनी डोळे पुसले आणि सवयीनं खारी शोधली. ती नव्हती.

इथं अभियान यशस्वी झालं असं म्हणून थांबता आलं असतं. पण मोठ्या माणसांचा प्रश्न होता.

पहिला रविवार शिवानंदांनी गुरुवारी मोडला. पतसंस्थेत कुणाचा तरी वाढदिवस होता. त्यांचं म्हणणं, पतसंस्था उंबऱ्याच्या आत येत नाही. नीरजानं त्यांच्या शर्टाचा खिसा हुंगला आणि वहीत लिहिलं, ‘पप्पा. शेव. पुन्हा एकपासून.’ दुसऱ्या वेळी चंद्रप्रभाबाईंनी मोडला. उपासाचं बाहेरचं धरत नाहीत, असा त्यांनी शास्त्राधार दिला. नीरजानं शास्त्र दाखवायला सांगितलं. तिसऱ्या वेळी मॅडम स्वतः सापडल्या. त्या तालुक्याला ‘बालकांचा सकस आहार’ या कार्यशाळेला गेल्या होत्या. तिथं अल्पोपाहारात समोसा, वेफर्सचं पाकीट आणि गोड रंगीत पाणी होतं, आणि अल्पोपाहाराच्या यादीवर सही केल्याशिवाय उपस्थिती धरत नव्हते. त्यांनी खाल्लं. त्याआधी ‘जंक फूडचे दुष्परिणाम’ या विषयावर पाऊण तास त्याच बोलल्या होत्या. घरी आल्यावर लेकीसमोर खोटं बोलवेना. ‘आई. कार्यशाळा. पुन्हा एकपासून.’

असं होत होत पावसाळा गेला, दिवाळी गेली. (दिवाळीत अकरा वेळा एकपासून.) त्या घरात गेले आठ महिने पहिलाच रविवार चालू होता. एकदा तिसऱ्या रविवारपर्यंत मजल गेली होती, तेव्हा शेजाऱ्यांना पेढे द्यावेत असा विचार निघाला आणि पेढ्याच्या खोक्यावर फोडताना टर्रकन वाजणारा कागद होता. नीरजा मात्र रोज जेवत होती, कारण रोज कुणीतरी समोर बसत होतं आणि कुणाचं तरी तोंड बघण्यासारखं होत होतं. तिचं वजन तेवीस किलो शंभर ग्रॅम झालं. कडं मनगटातच राहू लागलं.

हे बघून शिवानंदांनी रीतसर ठराव मांडला. “पोरगी बरी झाली. उद्देश सफल झाला. आता मोठ्यांचं निर्बंधातून नाव काढायला हरकत नाही.” चंद्रप्रभाबाईंनी अनुमोदन दिलं. मॅडम भांडी लावत होत्या. म्हणजे, त्या पाठमोऱ्या होत्या. त्या आठवड्यात प्रत्येकजण आपापल्या कोपऱ्यात जेवला. बुधवारी नीरजाचा डबा निम्मा परत आला. गुरुवारी पूर्ण परत आला. शुक्रवारी मॅडमनी लोखंडी कपाटाची किल्ली नवऱ्याच्या हातातून काढून घेतली, मालिका बंद केली आणि चार ताटं जमिनीवर मांडली. “बसा,” त्या म्हणाल्या. वर्गात बोलतात त्या आवाजात म्हणाल्या, त्यामुळं सगळे बसले.

इकडं शाळेच्या पोषण स्थितीतली सुधारणा वरच्या कार्यालयाच्या लक्षात आली. विस्तार अधिकारी पाहणीला आले. शांताक्कांनी बाकीच्या घरांनाही हाच उपाय दिला होता आणि त्रेचाळीसपैकी सदतीस मुलांची पाकिटं सुटली होती; त्यांनी गुपित विचारलं. जैनोद्दीन सरांनी खिडकीबाहेर बघितलं. मॅडमनी खरं ते लिहून दिलं: ‘घरातील मोठ्यांनी पाकिटातले खाणे बंद केले व मुलांसोबत जेवायला बसले.’

साहेबांनी ते वाचलं, समोरच्या बशीतलं बिस्कीट चहात बुडवलं. “मॅडम, असं कसं लिहायचं? अभियान बालकांचं आहे. मोठ्यांसाठी आपल्याकडं खर्चाचं लेखाशीर्षच नाही. शपथ ठेवा, प्रभातफेरी ठेवा. फारच वाटत असेल तर पालकांचं एक स्वयंघोषणापत्र घ्या.”

ते पत्र तयार करायचं काम अर्थातच पोषण नोडलकडं आलं. मॅडमनी एक गुलाबी कागद काढला. त्यावर पालकांसाठी एकच प्रश्न: ‘आमच्या घरी बालक व पालक दोघेही सकस आहार घेतात. होय / नाही.’ खाली सही. केंद्रातल्या चौदा शाळांमधून एक हजार नऊशे बारा कागद घरी गेले आणि दुसऱ्याच दिवशी सगळेच्या सगळे परत आले. एक हजार नऊशे अकरा पालक ‘होय’ होते.

“मॅडम,” जैनोद्दीन सर काकुळतीला येऊन म्हणाले, “एकच ‘नाही’ हाय, अन् ते तुमचं हाय. खोडा की. पूरा केंद्र शंभर टक्के व्हायलंय.”

मॅडमनी पेन हातात घेतलं. छोटी सुट्टी होती. दारात नीरजा डबा घेऊन उभी होती आणि पेनाकडं बघत होती. ‘होय’ लिहिलं असतं तर त्या घरातले रविवार त्याच क्षणी पुरे झाले असते आणि दुपारपासून सगळे मोकळे झाले असते. मॅडमनी पेनाला टोपण लावलं. नीरजा तिथंच उंबऱ्यावर टेकली आणि तिनं भाकरी मोडली.

महिन्याभरात मॅडमना कारणे दाखवा नोटीस आली. नोटिशीनुसार, संपूर्ण केंद्रात आता बाहेरचं लागलेलं एकच घर शिल्लक आहे आणि ते पोषण नोडल शिक्षिकेचं आहे, ही बाब अत्यंत गंभीर आहे. खुलासा अजून गेलेला नाही. नोटिशीत जागा चार ओळींचीच आहे.

बाकी घोषणापत्राचा नमुना वरिष्ठांना पसंत पडला आणि तो आता सगळीकडं गेला आहे. तुमच्याकडंही आला होता. मागच्या महिन्यात मुलाच्या दप्तरातून एक गुलाबी कागद निघाला होता, आठवतो का? मूल म्हणालं, ‘सही पाहिजे.’ तुम्ही ‘आण इकडं’ म्हणालात, ‘होय’वर खूण केलीत आणि मजकूर न वाचता सही केलीत. मॅडमना हे अपेक्षितच होतं. म्हणून त्यांनी सहीच्या खाली, बारीक अक्षरात, आणखी एक ओळ ठेवली होती: ‘सही करताना पालकांच्या दुसऱ्या हातात काय होते? (पाल्याने भरावे.)’ तुमच्या मुलानं ती भरलेली आहे. अक्षर सुवाच्य आहे, आणि पाकिटावर बघून लिहिल्यामुळं शुद्धलेखनाची एकही चूक नाही.